समुद्रकाठचं ॲलिसम, सातारा-सांगलीच्या मातीत

डिसेंबरात साताऱ्यातल्या कुठल्याही नर्सरीत गेलात की पिटुनिया आणि झेंडूच्या रांगांच्या कडेला ॲलिसमच्या काळ्या पिशव्या मांडलेल्या दिसतात. वीतभरही उंची नाही, पण बारीक पांढऱ्या फुलांनी रोप गच्च भरलेलं. वाकून वास घेतला की मधासारखा गोड वास येतो आणि त्या वासावरच बहुतेक जण दोन-चार पिशव्या उचलतात. पुढे तीन आठवड्यांत रोप खालून पिवळं पडायला लागतं, मधोमध मोकळं होतं, आणि एक दिवस जरा ओढलं की मुळाशी कुजलेलं अख्खं रोप हातात येतं. मग "आपल्याकडे हे जगत नाही" असं ठरवून लोक मोकळे होतात. सातारा-सांगलीची थंडी या झाडाला अगदी मानवते. मरतं ते आपल्या मातीमुळे आणि आपल्या झारीमुळे.

याचं शास्त्रीय नाव लोब्युलारिया मॅरिटिमा. मॅरिटिमा म्हणजे समुद्रकाठची. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ मध्ये या झाडाची नोंद केली तेव्हापासून हा शब्द त्याच्या नावात आहे, नावातला पहिला शब्द मात्र नंतर बदलत गेला. मूळ घर भूमध्य समुद्राचा किनारा आणि कॅनरी बेटं. तिथं हे वाळूत, खडकाच्या फटीत, जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यात रानफूल म्हणून उगवतं. आता हे समुद्रकाठचं म्हटलं की आपल्या मनात ओल येते, आणि सगळी चूक तिथूनच सुरू होते. वाळूत पडलेलं पाणी क्षणात खाली जातं. मुळांना ओल मिळते, पण साचलेलं पाणी कधी लागत नाही आणि हवा सतत खेळती राहते. पान हातात घेऊन भिंगातून पाहिलं तर त्यावर पांढुरकी लव दिसते. एकेक केस मधून दोन फाटे फुटून पानाला चिकटून आडवा पडलेला असतो. वारा, ऊन आणि खारे तुषार यांपासून पान सांभाळायची ही सोय आहे. कोरड्या जागेची तयारी असलेलं झाड आहे हे, दलदलीची अजिबात नाही.

तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे बरोबर उलटं. त्यामुळे तिथं काही वर्षं जगणारं हे झाड आपल्याकडे एका हंगामाचं धरायचं. दसऱ्याला बी, दिवाळीनंतर लागण, संक्रांतीला भर, होळीपर्यंत शेवट. जूनच्या पावसात ते टिकवायच्या फंदात पडू नये.

कृष्णाकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी असेल, ॲलिसमला मात्र ती जड जाते. पाणी धरून ठेवते, वापसा यायला दिवस लागतात, आणि सुकली की भेगाळून बारीक मुळं तोडते. ॲलिसमची मुळं केसासारखी बारीक आणि वरच्या चार-पाच इंचांतच पसरणारी असतात. म्हणून कुंडीसाठी मिश्रण असं करावं: दोन घमेली पोयटा किंवा तांबडी माती, दोन घमेली जाडसर वाळू, एक घमेलं पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. घरात काळी मातीच असेल तर तिचं प्रमाण एका घमेल्यावर आणा आणि वाळू तीन घमेली करा. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड वापरत असाल तर ती आधी चाळून धुऊन घ्या. तिच्यातली दगडाची बारीक भुकटी मातीत सिमेंटसारखी बसते आणि निचरा होता त्यापेक्षाही बिघडतो. हे सर्रास होतं आणि दोष वाळूला दिला जातो.

मिश्रण जमलं की नाही हे पाहायची सोपी रीत आहे. आठ इंची कुंडी भरा, हलकेच ठोका, लिटरभर पाणी ओता. अर्ध्या मिनिटात खालून थेंब सुरू व्हायला हवेत आणि मिनिटभरानं वर डबकं राहता कामा नये. राहिलं तर आणखी वाळू घाला. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा, आणि कुंडी गच्चीच्या स्लॅबवर थेट न टेकवता विटांच्या तुकड्यांवर ठेवावी. भोक स्लॅबला घट्ट टेकलं की आतलं मिश्रण कितीही चांगलं असो, तळाशी पाणी तुंबतंच.

वाळवा, पलूस, मिरज या भागातून एक प्रश्न हमखास येतो: झाड समुद्रकाठचं आहे तर आमच्या क्षारपड रानात येईल का? नाही येणार. थोडा खार हे झाड सोसतं हे खरं आहे, बोअरच्या जड पाण्यावरही ते बऱ्यापैकी चालतं. पण क्षारपड आणि चोपण जमिनीत नुसता खार नसतो. पाण्याची पातळी वर आलेली असते, मातीची घडण मोडलेली असते, हवा शिरत नाही. समुद्राकाठच्या वाळूत खार असतो पण निचरा पक्का असतो. चोपणात खार आहे आणि निचरा शून्य. तिथं लावायचंच असेल तर दीड फूट उंचीचा विटांचा वाफा बांधून त्यात बाहेरून आणलेलं मिश्रण भरा. बोअरचं पाणी देत असाल तर महिन्यातून एकदा नळाचं गोडं पाणी कुंडीच्या भोकातून भरपूर वाहीपर्यंत द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसायला लागला की ही वेळ झाली असं समजा.

आता बी. नर्सरीतून फुललेलं रोप आणण्यापेक्षा बी पेरणं स्वस्त आणि जास्त खात्रीचं. एका ग्रॅममध्ये तीन हजारांच्या आसपास बिया बसतात, त्यामुळे छोट्या पाकिटात अख्ख्या गल्लीला पुरेल इतकं बी असतं. पांढऱ्यासाठी कार्पेट ऑफ स्नो आणि जांभळ्यासाठी रॉयल कार्पेट ही जुनी, भरवशाची वाणं. पांढऱ्याला वास जास्त असतो, त्यामुळे एकच लावायचं तर पांढरं लावा.

परतीचा पाऊस थांबल्याशिवाय पेरायचं नाही. साताऱ्यात साधारण दसऱ्याच्या पुढेमागे, सांगलीत त्याहून आठ-दहा दिवस उशिरा, कारण तिथं ऑक्टोबरचं ऊन जास्त तापतं. तीन भाग कोकोपीट आणि एक भाग बारीक चाळलेलं गांडूळखत. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यातही खार असतो. दहा किलो मिश्रणाला ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) मिसळून, ओलसर करून दोन दिवस सावलीत झाकून ठेवा. ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे, म्हणजे रोपं वाढवायचा प्लास्टिकचा ट्रे, भरून घ्या. चिमूटभर बी दहा चिमटी कोरड्या बारीक वाळूत मिसळलं की हाताला धरता येतं. प्रत्येक कप्प्यात चार-पाच बिया पडतील असं टाका.

बियांवर माती घालू नका. या बीला उगवताना उजेड लागतो. मोहरी किंवा मेथीच्या सवयीनं वर माती पसरली की निम्मं बी तसंच पडून राहतं. बोटानं किंवा सपाट फळीनं हलकं दाबायचं, बी मिश्रणाला टेकलं की झालं. पाणी वरून ओतायचं नाही, ट्रे उथळ घमेल्यातल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, खालून ओल वर चढते. वर पारदर्शक प्लास्टिक सैल टाका. गोणपाट किंवा वर्तमानपत्र टाकू नका, अंधार होतो. ट्रे जमिनीवर ठेवला तर मुंग्या बी ओढून नेतात, म्हणून चार वाट्यांत पाणी घालून त्यांत विटांचे तुकडे ठेवावेत आणि ट्रे त्यांवर टेकवावा. २० अंशांच्या आसपास तापमान असेल तर पाच ते दहा दिवसांत हिरवी टिकली दिसायला लागते.

पहिला अंकुर दिसला त्याच दिवशी प्लास्टिक काढा. या एका दिवसाच्या आळसात सगळा ट्रे जातो. दमट हवेत बुरशी रोपाच्या मातीलगतच्या भागावर बसते, तो भाग सुईसारखा बारीक, पाणचट होतो आणि रोप जागच्या जागी आडवं पडतं. आपल्याकडे याला मर म्हणतात. कप्प्यातलं एक पडलं की शेजारची दोन दिवसांत पडतात. एकदा पडलेलं रोप कशानंही उठत नाही. तो कप्पा मिश्रणासकट उपसून टाका, ट्रे सकाळच्या उन्हात आणि वाऱ्यावर ठेवा, पाणी निम्म्यावर आणा. मिश्रणाचा वरचा थर फिका दिसेपर्यंत पुन्हा पाणी नाही.

चार-पाच आठवड्यांत रोपाला सहा-आठ खरी पानं येतात. कप्प्यातली सगळ्यात दणकट तीन ठेवा, बाकीची कात्रीनं कापा. उपटायला गेलं तर शेजाऱ्याची मुळंही निघतात. तीन रोपांचा झुबका तसाच, मुळं न सोडवता लावायचा. आठ इंची पसरट कुंडीत तीन झुबके, वाफ्यात सहा ते आठ इंचांवर एक. लागण संध्याकाळी करावी. झुबका ट्रेमध्ये होता त्याच पातळीवर बसवा, खोल पुरला तर खोड मातीत राहून सडतं. फुललेलं रोप विकतच आणणार असाल तर पिशवी उलटी करून बघा. भोकातून तपकिरी, मऊ मुळं डोकावत असतील तर ते घेऊ नका, पांढरी मुळं आणि फुलांपेक्षा कळ्या जास्त असलेलं घ्या. सारख्या दिसणाऱ्या कँडीटफ्ट या फुलझाडाशी घोळ होऊ शकतो. तिच्या फुलात दोन पाकळ्या मोठ्या आणि दोन लहान असतात. ॲलिसमच्या चारही सारख्या.

ऊन किमान सहा तास हवं. सावलीत रोप उंच, विरळ होतं आणि फुलं तुरळक येतात. पाण्याचं वेळापत्रक ठरवू नका. बोटाचं एक पेर मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच सकाळी पाणी द्या, तेही पानांवर न पाडता मुळाशी. साताऱ्याच्या थंडीत कुंडीला तीन दिवसांतून एकदा पुरतं, सांगलीत जानेवारीअखेर एक दिवसाआड लागू शकतं. पूर्ण वाळू द्यायचं नाही, मान टाकली तर कळ्या गळतात.

तुळशी वृंदावनाच्या कठड्याभोवती हे फार शोभतं आणि तशी हौस बऱ्याच घरांत असते. तुळशीच्याच मातीत मात्र लावू नका. तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी पडतं आणि ॲलिसम महिनाभरात सडतं. कठड्यावर वेगळ्या उथळ कुंड्या मांडा. गुलाबाच्या कुंडीत लावणंही टाळा, गुलाबाचं खतपाणी याला झेपत नाही.

खताची भूक अगदी कमी. मिश्रणातलं शेणखत जवळजवळ सगळं भागवतं. लागणीनंतर दोन आठवड्यांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, एकदाच. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार, लुसलुशीत होतात, फांद्या लोळतात, फूल मागे पडतं आणि अशा मऊ शेंड्यांवर मावा धावून येतो. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेसाठी घरात ०:५२:३४ या खताची पिशवी असतेच आणि ती द्यायचा मोह होतो. गरज नाही, द्राक्षालाच राहू द्या. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. विम्ल म्हणजे अल्कधर्मी मातीत आणि जड पाण्यावर ती दिसते. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा, आठवड्यानं नवं पान बघा.

फूल एकदा जवळून पाहावं. पाकळी जेमतेम तीन मिलिमीटर, चार पाकळ्या अधिक चिन्हासारख्या मांडलेल्या, आत सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड. मोहरीचं, मुळ्याचं फूल हातात घ्या, हीच मांडणी दिसेल. एकाच कुळातली आहेत. गुच्छ बाहेरून आत फुलत जातो. मधोमध कळ्या तयार होत राहतात, कडेची फुलं शेंगा धरतात आणि दांडा लांबत जातो. महिनाभरानं एकेका दांड्यावर वर टोकाला फुलांची टोपी आणि खाली शेंगांची शिडी अशी अवस्था होते. झाड मधून मोकळं, उदास दिसायला लागतं ते यामुळे. रोग समजून लोक औषध मारतात. खरं तर त्याला कात्री हवी असते.

निम्म्याहून जास्त फुलांच्या शेंगा झाल्या की धारदार कात्रीनं सगळं झाड वरून एक तृतीयांश कापा. हात आखडता घेऊ नका, एकेक दांडा निवडत बसण्यातही अर्थ नाही, डोक्यावरचे केस कापावेत तसं सरसकट. खाली हिरवी पानं शिल्लक राहिली पाहिजेत, नुसत्या काष्ठापर्यंत गेलात तर फूट येत नाही. कापल्यावर भरपूर पाणी आणि पाच-सहा दिवस विश्रांती. दोन ते तीन आठवड्यांत पुन्हा पांढरी चादर. साताऱ्यात हंगामात अशा दोन कापण्या सहज होतात. सांगलीत दुसरी कापणी जानेवारी संपायच्या आत करावी. ऊन तापलं की झाड फुलणं थांबवतं, मार्चच्या उन्हात कापलेलं तर सावरतच नाही. महाबळेश्वर-पाचगणीला गारवा लांबतो, तिथं एप्रिल-मेपर्यंतही फुलं राहू शकतात, पण तिथल्या पावसाळ्यात काही उरत नाही.

मोहरीच्या कुळातलं आहे म्हटल्यावर मोहरी-कोबीवरच्या किडी आल्याच. ढगाळ हवा पडली की शेंड्यांवर मावा. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, वाढला तर ५ टक्के निंबोळी अर्क. फुलांवर दिवसभर मधमाश्या असतात, म्हणून फवारणी सूर्य मावळल्यावरच. पानांना खिडक्या पडल्यासारख्या दिसल्या आणि हात लावताच बारीक हिरवी अळी वळवळत धाग्यानं खाली लोंबकळली, तर तो कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. हातानं वेचा, जास्त असतील तर बीटी पावडर (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) लिटरला दोन ग्रॅम, तीही संध्याकाळी, कारण उन्हात ती निकामी होते. दाट लागण आणि रात्रीचं दव यांत केवडा हा बुरशीचा रोग येतो. पानावर पिवळे डाग आणि त्याच जागी खालून पांढुरकी बुरशी. ती पानं काढा, झुडूप विरळ करा, संध्याकाळचं पाणी बंद. गेल्या वर्षी जिथं कोबी, फ्लॉवर किंवा मुळा होता त्या वाफ्यात ॲलिसम घेऊ नये.

उसाच्या पट्ट्यात एक नुकसान वेगळंच होतं. शेंडे पिळवटतात, दांडे नागमोडी होतात, पानं चमच्यासारखी वळतात. व्हायरस म्हणून औषधं आणली जातात. बहुतेक वेळा कारण पंपात असतं. उसातल्या रुंद पानाच्या तणासाठी २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता खंगाळून फुलांवर वापरलेला असतो. या तणनाशकाचा अंशही ॲलिसमसारख्या गवतवर्गीय नसलेल्या झाडाला पुरेसा आहे. फुलांसाठी दोन लिटरचा हातपंप वेगळा ठेवा, त्यावर रंगानं खूण करा, आणि तो रानात कुणालाही देऊ नका. शेजारच्या रानात फवारणी चालू असेल तेव्हा वाऱ्याच्या दिशेच्या कुंड्या घरात घ्या.

या लहानशा फुलाचा परसबागेला मोठा आधार होतो. सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण प्रौढ माशीला पराग आणि मकरंद लागतो, आणि तिचं तोंड आखूड असल्यानं उघडी, उथळ फुलंच तिला चालतात. ॲलिसम तसंच आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात सेंद्रिय लेट्युसच्या ओळींमध्ये याच कामासाठी ते लावतात. वांगी, मिरची, लेट्युस यांच्या वाफ्याच्या कडेला दर चार-पाच फुटांवर एक झुबका पुरे. महाबळेश्वरकडच्या स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांच्या टोकांनाही करून पाहण्यासारखं आहे, कारण स्ट्रॉबेरीचा हंगाम आणि याचा हंगाम एकच.

कळकळीनं एक सांगायचं आहे. रानफुलांचं कास पठार साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवर. पठारावर फिरायला जाताना "फुलं वाढतील" म्हणून बी उधळणारे लोक असतात. ॲलिसमचं बी तिथं किंवा कुठल्याही सड्यावर (खडकाळ पठारावर), डोंगरउतारावर टाकू नका. हे आपलं आपण पसरणारं झाड आहे, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ते बागांतून निसटून रानात शिरलेलं आहे. कासची माती बोटभर जाडीची, तिथली फुलं त्या बोटभर मातीवर आणि पावसावर जगणारी. तिथं पाहुण्याला जागा नाही. छाटलेल्या फांद्याही शेंगांसकट ओढ्याकाठी फेकू नयेत, कंपोस्टच्या खड्ड्यात खोल पुराव्यात.

बी धरायचं असेल तर एकच रंग ठेवा, पांढरा आणि जांभळा शेजारी असले की परागीभवन होऊन पुढच्या वर्षी मिसळ उगवते. स्नो प्रिन्सेससारखी नवी वाणं बी धरत नाहीत, त्यांची कलमंच करतात. शेवटच्या बहराच्या शेंगा गवती रंगाच्या झाल्या की पहाटे, दव असतानाच दांडे कापा. दुपारी हात लावला की शेंगा फुटून बी मातीत जातं. शेंग लहान, चपटी, अंडाकृती, आत दोन कप्पे आणि प्रत्येकात एकच बी. दांडे कागदी पिशवीत उलटे टांगून सावलीत आठवडाभर वाळवा, तळहातावर चोळा, चहाच्या गाळणीतून चाळा, फुंकरीनं फोलपटं उडवा. कोरड्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसह भरून, वर वाण आणि तारीख लिहून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. उघड्यावर ठेवलेलं बी पावसाळ्याच्या दमट हवेत उगवण हरवून बसतं. सप्टेंबरात पन्नास बिया ओल्या कागदावर टाकून पारदर्शक डब्यात उजेडात ठेवा. दहा दिवसांत तीसपेक्षा कमी उगवल्या तर पेरताना कप्प्याला सात-आठ बिया टाका, दहाच्या आत आल्या तर नवं पाकीट आणा.